त्याची डावी बाजू

ओडेल प्रुइट मला पहिल्यांदा भेटला तो माझ्यावर कॉफी सांडतच. कॉलेजच्या खाणावळीत मी त्याच्या डावीकडून येत होते आणि तो वळून सरळ माझ्यावर आदळला.

“अगं, तू आलीस कुठून?”

“दारातून. माणसं तिथूनच येतात.”

तो हसला. माझी बाही पुसायला पुढे आलेला हात मधेच थबकला. “तू कोरिन ना? कोचची आकडेवाली... आमच्या चुका मोजणारी?”

“करू नका, मोजणार नाही.”

संख्याशास्त्र शिकणाऱ्या मला कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच ब्रॅनक यांनी एक काम दिलं होतं. या हंगामातल्या प्रत्येक सामन्याचं चित्रण बघायचं आणि आपला बचाव लांबच्या पासवर का फुटतो ते सांगायचं. समोरचा संघ चेंडू उंच फेकायचा, त्यांचा धावपटू तो आमच्या पाठीमागे झेलायचा, आणि सगळं गाव ओडेलला शिव्या घालायचं. सगळ्यांच्या मागे उभा राहणारा शेवटचा राखणदार तोच होता ना!

तो चित्रणं बघायला माझ्याकडे येऊ लागला. येताना कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, आणायचा. “बघ, इथे किती देखणा आपटलोय!” म्हणायचा. परतताना माझ्या वसतिगृहापर्यंत सोबत चालायचा. मक्याची कापणी चालली होती. वाऱ्यालासुद्धा कोरड्या पात्यांचा वास होता. मी बाजू बदलली की तो हळूच सरकायचा आणि मला पुन्हा आपल्या उजवीकडे घ्यायचा. मला वाटायचं, तो मिसिसिपीचा, तिकडची रीत असेल... आणि मला ते आवडायचं.

एका दुपारी मी लांबच्या सगळ्या पासची चित्रणं एकापाठोपाठ लावली. उजवीकडच्या चेंडूवर ओडेल झेप घेऊन आधीच पोचत होता. डावीकडचा चेंडू डोक्यावर येईपर्यंत मात्र तो जागचा हलतही नव्हता. आळस असा एकाच बाजूला नसतो. मला खाणावळ आठवली, ते हळूच सरकणं आठवलं.

रिकाम्या मैदानाच्या पायऱ्यांवर मी त्याला विचारलं, “डाव्या डोळ्याने तुला किती दिसतं?”

“सावल्या... उन्हाळ्यापासून. डॉक्टरकडे गेलो की खेळ संपला, कोरिन. मग शिष्यवृत्तीही गेली. तू लिहू नकोस. माझ्यासाठी.”

“तुझ्यासाठीच सांगतेय. त्या बाजूने अंगावर येणारा माणूस तुला दिसत नाही. मान मोडली तर?”

“मग सगळे म्हणतात तेच लिही. प्रुइट आळशी आहे.”

“खोटं मी लिहिणार नाही. पण आधी तू कोचना सांग. तोवर मी थांबते.”

तो उठला आणि निघून गेला. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

दोनच दिवसांनी कोचनी मला बोलावलं. “ओडेल स्वतः येऊन सांगून गेला,” ते म्हणाले. त्यांचा आवाज जड होता. “डोळ्याचा आतला पडदा सुटलाय. ऑपरेशननं उरलेली नजर वाचेल. खेळणं मात्र आता कधीच नाही. शिष्यवृत्ती पदवी मिळेपर्यंत राहील, ते मी बघतो.”

मी अहवाल दिला. ओडेल मात्र माझ्याकडे फिरकला नाही. फोनही नाही. मी खरं बोलले होते, आणि त्याला गमावून बसले होते.

नोव्हेंबरात घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना आला. त्या दिवशी शेवटच्या वर्षाचे खेळाडू आईवडिलांचा हात धरून मैदानात उतरतात. भुरभुर बर्फ पडत होता. मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी ओडेल एकटाच उभा होता, डोळ्यावर पट्टी, अंगात संघाचं जाकीट.

“आईला सुट्टी मिळाली नाही,” तो म्हणाला. “कोणीतरी सोबत लागतं...”

“माझ्यावर रागावलायस ना?”

“खूप.” त्याने खाली पाहिलं. “पण भूल देताना एकच भीती वाटली — डोळे उघडल्यावर तू कुठेच नसशील.”

“मग काय... आईच्या जागी मी चालू का?”

“आईच्या जागी नको गं!” कितीतरी दिवसांनी तो हसला.

“टीव्हीवर बघून तिने विचारलं, ही पोरगी कोण, तर?”

ध्वनिक्षेपकावर त्याचं नाव पुकारलं गेलं. त्याने माझा हात हातात घेतला.

“तिला कधीच सांगितलंय,” तो म्हणाला. “चल.”