अंगठ्याला झालेला उशीर

ओडेसानं ब्रेक इतका करकचून दाबला की शेजारच्या सीटवरची अंडी खाली आली. गाडीपुढून आधी एक ससा गेला आणि त्याच्यामागून एक मुलगा. ससा तिला नीट दिसला. मुलगा मात्र दिसला म्हणेपर्यंत रस्त्याच्या पलीकडे पोचला होता.

उसाचा फड तोडणीआधी पेटवला की ससे बाहेर पळतात, आणि हार्लन गावची पोरं त्यांच्यामागे. तुमच्या पोरांच्या पायांत एवढा वेग कुठून येतो, असं बाहेरच्या कुणी विचारलं तर तळ्याकाठचे लोक सशांकडे बोट दाखवून मोकळे होतात. ओडेसाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आईला इथल्या दवाखान्यात काम मिळालं म्हणून दोघी महिन्यापूर्वीच ऑरलँडोहून मामाच्या घरी राहायला आल्या होत्या.

तिनं काच खाली केली. मुलगा परत येत होता, मारलेला ससा मुठीत धरून, अगदी निवांत. जळक्या उसाची काळी राख त्याच्या केसांत, भुवयांवर, खांद्यांवर पडली होती.

"तुला गाडी दिसली नाही?"

"दिसली की. पण तू थांबशील असं वाटलं."

"आणि नसते थांबले तर?"

"तर मी आणखी थोडा जोरात पळालो असतो." त्यानं गाडीत डोकावून पाहिलं. "किती फुटली?"

"सात."

"मग हा ससा घे. सात अंड्यांना एक ससा — तोटा माझाच आहे, पण चालेल."

"मी काय करू सशाचं?"

"रस्सा कर, कांदा घालून. येत नसेल तर..." तो हसला, आणि राखेनं काळवंडलेल्या चेहऱ्यात ते हसू जरा जास्तच उजळ दिसलं. "तर मी येतो करायला."

ससा बॉनेटवर ठेवून तो गेलासुद्धा. घरी मामानं विचारलं, कुणी दिला. उंच, हसरा आणि आगाऊ, एवढंच वर्णन तिनं केलं. मामानं सशावरून नजरही वर न उचलता सांगितलं की तो कॉर्डेल मीक्स.

मामाला ते ठाऊक असणारच, कारण हार्लनच्या शाळेच्या फुटबॉल संघाचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलचा, तो कोच होता. घरात मामा, मैदानावर कोच. कॉर्डेल त्याचा कॉर्नर. समोरच्या संघातला झेल घेणारा जिकडे पळेल तिकडे त्याला चिकटून पळायचं, हे त्याचं काम. असल्या पोराला कॉलेजवाले पहिला प्रश्न एकच विचारतात: चाळीस यार्ड किती सेकंदांत? बाकी सगळं त्यानंतर. त्या एका आकड्यावर चार वर्षांचं फुकट शिक्षण मिळतं, नाहीतर पोरगं साखर कारखान्यात बापाशेजारी उभं राहतं.

वेळ घेणाऱ्या म्हाताऱ्या मदतनिसाला मोतीबिंदू झाला होता, म्हणून मामानं स्टॉपवॉच ओडेसाच्या हाती दिलं. ती स्वतः ऑरलँडोला अडथळ्यांची शर्यत धावायची, हात स्थिर होता. मामानं तिला शेवटच्या रेषेवर उभं केलं आणि एकच गोष्ट शिकवली. "पळणाऱ्याच्या हाताकडे बघायचं. हात जमिनीवरून सुटला की अंगठा दाबून घड्याळ सुरू करायचं. चेहरा नाही, बूट नाही, आकाश नाही. फक्त हात."

सव्वीस पोरं धावली. सव्वीस वेळा ओडेसानं डोळ्यांत तेल घालून फक्त हात पाहिला. सत्ताविसावा कॉर्डेल. तो वाकला, बोटं गवतावर टेकवली, आणि मग जे बाकी कुणी केलं नव्हतं ते त्यानं केलं. मान वर करून थेट तिच्याकडे पाहिलं. म्हणजे रेषेकडे पाहिलं असेल. पण हसला. आता रेषेकडे बघून कोण हसतं?

तो तिच्या शेजारून वाऱ्यासारखा निघून गेला. मामानं घड्याळ हातात घेतलं, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. चार-अडतीस. चार सेकंद आणि वर अडतीस शतांश. हार्लनसारख्या वेगवान गावातही गेल्या नऊ वर्षांत एवढं कमी कुणी धावलं नव्हतं.

तो आकडा संध्याकाळपर्यंत गावभर झाला आणि रविवारी चर्चमध्ये पोचला. पास्टर फोंटेन यांनी आजाऱ्यांची नावं वाचली, लग्नाच्या तारखा वाचल्या आणि त्याच सुरात "बंधू कॉर्डेल, चार-अडतीस" असंही वाचलं. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. त्याची आई मिस लोरेन रुमालानं डोळे पुसत होती. मामानं वेळ कॉलेजांना कळवली, आणि पंधरवड्यात हॅल्डेन युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. जूनमधल्या चाचणी शिबिराला यावं, आम्ही उत्सुक आहोत.

वसंत असा मजेत गेला. सराव संपला की कॉर्डेल तिच्याबरोबर तळ्याच्या बांधावरून चालत यायचा. उकडलेल्या शेंगांची कागदी पिशवी दोघांत एक. शेंगा तो सोलायचा, दाणे ती खायची, आणि या वाटणीबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

"तू माझ्यासाठी शुभ आहेस," तो एकदा म्हणाला. "तू घड्याळ धरलंस की मी जोरात पळतो."

"मी घड्याळ धरलं म्हणून कुणी जोरात पळत नाही."

"मी पळतो ना. रेषेवर तूच उभी असतेस, मग..."

"मग काय?"

"मग लवकर पोचावंसं वाटतं."

यावर उत्तर द्यायचं तर ते लाडिक झालं असतं. म्हणून तिनं आणखी एक दाणा तोंडात टाकला. चालताना कधी हाताला हात लागायचा, कधी लागता लागता राहायचा... आणि राहिला की तिला घरी गेल्यावरही आठवायचा.

मे महिन्याच्या मध्यावर मामानं तिला एक काम दिलं. पोरांनी मोबाइलवर काढलेल्या चित्रफिती जमवून हॅल्डेनला पाठवायच्या. स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून ती एकेक पाहत होती. एक चित्रफीत तिच्याच खांद्यामागून काढलेली होती. एका कोपऱ्यात तिचा हात आणि घड्याळ, लांबवर वाकलेला धावपटू. तिनं ती सावकाश चालवली. एका पोराचा हात सुटला, पाठोपाठ तिचा अंगठा दबला. दुसऱ्याचंही तसंच. थोडा उशीर होता, पण तेवढा सगळ्यांचाच होतो. हातातल्या घड्याळाला थोडी माया असते हे कॉलेजवालेही धरून चालतात. मग कॉर्डेल आला. त्याचा हात सुटला. पाय उचलला. दुसरा पाय उचलला... आणि तिचा अंगठा अजून वरच. तो सुटला तरी घड्याळ सुरूच झालं नव्हतं, म्हणून वेळ कमी दिसली.

तिनं ती सहा वेळा पाहिली. मग दुसऱ्या दिवसाची शोधली, तिसऱ्या दिवसाची शोधली. प्रत्येक वेळी तेच. बाकी पोरांना चोख, कॉर्डेलला उशीर. कारण तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सगळ्यांच्या वेळी ती हात बघत होती आणि त्याच्या वेळी चेहरा. आपण या मुलाच्या प्रेमात पडलो आहोत हे ओडेसाला कळलं ते असं, स्वतःच्या अंगठ्याकडून. आणि पाठोपाठ तिला शिबिर आठवलं. तिथं माणसाचा अंगठा नसतो, किरणांचं यंत्र असतं. तिथं चार-अडतीस निघणार नाही. मग कॉर्डेल खोटा ठरेल, आणि खोटा आकडा सांगणाऱ्या पोराचं नाव एका कॉलेजातून दहा कॉलेजांत जायला वेळ लागत नाही.

न सांगणं सोपं होतं. ती एक रात्र तळमळली आणि दुसऱ्या दिवशी बांधावर तिनं त्याला चित्रफीत दाखवली.

त्यानं ती दोनदा पाहिली. मग म्हणाला, यंत्रावर बघू. शेजारच्या जिल्ह्यातल्या शाळेतून मामानं यंत्र मागून आणलं. कॉर्डेल तीनदा धावला. चार-एकसष्ट. चार-साठ. चार-एकोणसाठ.

"बाकीच्यांची वेळ बरोबर घेतलीस," तो म्हणाला. आवाज शांत होता, पण तो तिच्याकडे बघत नव्हता. "माझीच का चुकली?"

ओठांवर आलेलं उत्तर तिनं गिळलं. ज्याचं एवढं नुकसान केलं, त्याला त्याच दमात प्रेमाचं कसं सांगायचं? माफी मागितल्यासारखं ते तिला सांगायचं नव्हतं.

"माझ्या आईनं मला नवी बॅग आणली आहे, शिबिराला न्यायला," तो म्हणाला आणि चालायला लागला. शेंगांची पिशवी तिच्या हातातच राहिली.

पुढचे चार दिवस तो सरावाला आला, धावला, गेला. घड्याळ दुसऱ्याच्या हाती होतं. पाचव्या दिवशी मामानं जेवताना सहज सांगितलं की पत्र गेलं. कॉर्डेल स्वतः आला होता, समोर बसून त्यानं मामाला लिहायला लावलं: वेळ चार-अडतीस नाही, चार-एकोणसाठ आहे, चूक आमच्याकडून झाली. मामानं त्याला समजावलं होतं की हॅल्डेनवाले कदाचित नाद सोडतील. त्यावर तो म्हणाला, कळवल्यावर सोडलेलं बरं, पकडल्यावर सोडण्यापेक्षा. हॅल्डेनचं उत्तर दोन ओळींचं आलं. शिबिर खुलं आहे, यायचं तर यावं. उत्सुक आहोत, हे या वेळी नव्हतं.

मग रविवार आला. हार्लनच्या चर्चमध्ये साक्ष देण्याची वेळ असते. ज्याच्या मनात काही आहे त्यानं उठावं, बोलावं. कुणी दुखणं बरं झाल्याचं सांगतं, कुणी हरवलेला भाऊ सापडल्याचं. त्या दिवशी कॉर्डेल उठला. बाह्या आखूड झालेला कोट, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"तुम्ही सगळ्यांनी चार-अडतीसला टाळ्या वाजवल्या होत्या," तो म्हणाला. "ते चार-एकोणसाठ आहे. टाळ्या... परत घेतल्या तरी चालतील."

लोकांच्या हातातले पुठ्ठ्याचे पंखे हलायचे थांबले. पास्टरनी विचारलं, असं कसं झालं. कॉर्डेल म्हणाला, घड्याळाची चूक. कुणाच्या हातातलं घड्याळ, ते त्यानं सांगितलं नाही.

ओडेसाला आता बसवेना. ती उठली.

"घड्याळ माझ्या हातात होतं. माझा अंगठा उशिरा दबला. चूक माझी आहे, त्याची नाही."

"मुली, सत्तावीस पोरांची वेळ तू घेतलीस," पास्टर फोंटेन म्हणाले. माणूस चांगला, पण सरळ प्रश्न विचारायची खोड. "मग याच्याच वेळी उशीर का?"

ओडेसानं कॉर्डेलकडे पाहिलं. कान तापले. पुढच्या बाकावरच्या मिस यूला, वय ब्याऐंशी, मागे वळल्या आणि चष्म्यावरून तिला नीट न्याहाळून म्हणाल्या, "बस बाळ, खाली बस. पास्टर, पुढचं भजन घ्या. आम्हाला कळलं."

बाकांवरून हसू पसरत गेलं. मिस लोरेनसुद्धा रुमालाआड हसल्या. सगळ्या चर्चला कळलं. एकट्या कॉर्डेलचा चेहरा कोरा. चाळीस यार्ड झपाट्यानं जाणाऱ्या या पोराला काही बाबतींत पोचायला फारच वेळ लागत होता.

शिबिराला मामाच्या गाडीतून तिघं गेले. सहा तासांच्या वाटेत कॉर्डेल दोन वाक्यं बोलला, पण उतरताना म्हणाला, "कुंपणाजवळ थांबशील?" ती थांबली. दोनशे पोरं, छातीवर आकडे, गवतावर यंत्राचे तिपायी खांब, आणि वेळ दाखवणारा मोठा फलक. कॉर्डेलची पाळी आली. तो वाकला, बोटं टेकवली आणि या वेळी मान वर केली नाही. धावला. ओडेसा त्याला पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत पाहत राहिली, पोटभर.

रेषा ओलांडून तो तसाच वळून कुंपणापाशी आला. धापा टाकत होता.

"किती?"

"माहीत नाही."

"फलक तुझ्यासमोर आहे, डेसा."

"मी फलक बघितलाच नाही."

"मग काय बघत होतीस?"

"तुला." ती म्हणाली. मग, आता निम्मं सांगितलंच आहे तर... "तेव्हाही तुलाच बघत होते. हात सुटला तेव्हा माझी नजर तुझ्या चेहऱ्यावर होती. म्हणून उशीर झाला. मला तू आवडतोस, कॉर्डेल. फार आवडतोस, आणि त्यापायी तुझं वाटोळं करणार होते."

त्याचा घाम हनुवटीवरून गवतावर पडत होता.

"मिस यूला 'कळलं' म्हणाल्या ते... हे होतं?"

"हे होतं."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"पास्टरना नाही. बहुतेक."

तेव्हा तो हसला. कुंपणाच्या जाळीतून त्यानं डाव्या हाताची बोटं आत घातली आणि तिची बोटं धरली. इतके महिने लागता लागता राहिलेला हात, आता घट्ट.

फलकावर चार-पंचावन्न होतं. हॅल्डेनच्या माणसानं कागदावर एक रेघ मारली, कॉर्डेलशी हात मिळवला, शुभेच्छा दिल्या आणि पुढच्या पोराकडे गेला. तो विषय तिथं संपला, आणि दुखायचं तेवढं दुखलं. कॉर्डेलनं डोळे मिटून घेतले. ओडेसानं बोटं सोडली नाहीत.

असल्या शिबिरांत लहान कॉलेजांचे कोचही मदतीला येतात. त्यातलाच एक, बुटका, उन्हानं रापलेला, ब्रँटली कॉलेजची टोपी घातलेला माणूस हातात मामानं लिहिलेलं पत्र घेऊन कुंपणाकडे आला. हॅल्डेनवाल्यांनी ते त्याला गंमत म्हणून वाचायला दिलं होतं.

"वेळ कमी करून सांगणारी पोरं मी वीस वर्षं बघतोय," तो म्हणाला. "स्वतःची वेळ वाढवून सांगणारा कोण, ते बघायला आलोय. आणि तू कळवलंस त्याहून चार शतांश लवकर आलास. ब्रँटली लहान आहे, पण आमच्याकडे एक जागा आहे. शिक्षण पूर्ण फुकट. येशील?"

त्यानं हात पुढे केला. कॉर्डेलनं उजव्या हातानं तो धरला. डावा हात जाळीतून ओडेसाच्या हातात होता, आणि तिथंच राहिला.