तिला तोंड नसतं

निळी ज्योत, आणि तिच्या टोकाशी मेणासारखी वाकत आलेली काचेची कांडी.

समुद्रातल्या खडकावर उगवलेलं वीतभर झुडूप. त्याची फुलं शिकार करतात.

"तुझ्यावाचून या घरातलं पान हलत नाही." हे आई तिला कौतुकाने म्हणते. येता-जाता म्हणते.

चहाचे दोन कप, एकाचा कान तुटलेला.

तर, ती संग्रहालयासाठी काचेचे समुद्रजीव बनवायची. सगळे तिला काचताई म्हणत. त्या दुपारी बाहेर पावसाची रिपरिप, आत ज्योतीची फरफर, आणि पाठीमागून कुणीतरी म्हणालं,

"हिला तोंड का दिलंत?"

तिने वळून पाहिलं. समुद्रदालनाचा नवा अभ्यासक. केस भिजलेले, नजर तिच्याकडे नाहीच, टेबलावरच्या काचेच्या झुडपाच्या एका बारीक फांदीकडे.

"दिलं तर बिघडलं कुठे?"

"हिला तोंड नसतं."

स्टूल ओढून तो बसलाच. हे झाड नाही म्हणाला, एक जीवही नाही, ही वसाहत. एकाच्या अंगातून दुसरा उगवतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि कुणी कुणाला सोडून जात नाही. प्रत्येकाला काम नेमून दिलेलं. काही नुसते पकडतात नि खातात, काही डंख घेऊन पहाऱ्याला उभे, आणि काहींकडे फक्त पुढची पिढी. या शेवटच्यांना तोंडच नसतं. देठातून एक पोकळ नळी सगळ्यांना जोडत गेलेली असते. एकाने खाल्लं की सगळ्यांची पोटं भरतात.

काचताईने मात्र झाडून सगळ्यांना तोंडं दिली होती.

"उपाशी राहील बिचारी, असं वाटलं हो मला," ती पुटपुटली.

तो हसला — पण टिंगल नव्हती त्यात. "इतकी वर्षं भिंगातून यांना बघतोय... यांच्या जेवणाची काळजी करणारं पहिलंच माणूस भेटलं."

मग त्याला रोज काहीतरी खटकू लागलं. आज शुंडा, म्हणजे भक्ष्य पकडायचे ते धागे, जाड झाले, उद्या फांदीचा बाक चुकला. एकदा तिने मुद्दाम एक चूक करून ठेवली. त्याने ती ओळखली... आणि दुरुस्तीचं नावही न काढता चहा मागवला. कान तुटलेला कप त्याने स्वतःकडे घेतला.

अशाच एका चहानंतर त्याने लग्नाचं विचारलं. सरळच, आडवळण न घेता. आणि ती नाही म्हणाली.

का, ते मात्र तिने सांगितलं.

"आमचं घर तुमच्या झुडपासारखंच आहे. दादा कमावतो, वहिनी रांधते, आई डंख मारते."

"आणि तुम्ही?"

"मी मधली नळी. वहिनीचा राग दादापर्यंत, दादाची चिडचिड आईपर्यंत, सगळं माझ्यातून जातं. माझं मला काय हवं, हे विचारायला त्यात जागा कुठली?" तिने ज्योत बारीक केली. "आता इथून खुडायचं नि तुमच्या घरच्या देठाला चिकटवायचं... एवढंच ना?"

दुसऱ्या दिवसापासून तो यायचाच थांबला.

झुडूप पुरं होत आलं. राहिली होती ती बिनतोंडीच्या अंगावरची कळी, आणि ती कशी असते हे तिला ठाऊक नव्हतं. नाइलाजाने — नाइलाजानेच, असं तिने मनाला बजावलं — ती त्याच्या खोलीत गेली. त्याने भिंग तिच्याकडे सरकवलं. खाली खाऱ्या पाण्याची वाटी. पाण्यात जिवंत झुडूप, आणि एक पारदर्शक कळी धडधडत होती. आकसली, उमलली... पुन्हा आकसली... आणि सुटली.

"गेली," ती म्हणाली. "कुठे?"

"पोहते. मोठी होते. मग तिचं एखादं पिल्लू खडक बघून बसतं, आणि नवी वसाहत सुरू होते."

"सुरुवातीला तिथे कोण असतं?"

"एकच जीव. पकडणं, खाणं, जपणं, सगळं तोच करतो. कामं मागाहून वाटली जातात."

ती बराच वेळ भिंगातच बघत राहिली. खरं तर आता खाली पाण्याशिवाय काही नव्हतं.

"मागाहून..." ती म्हणाली. "मग ती वाटताना मला विचारशील?"

'तुम्ही' कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

"तुला आधी विचारीन," तो म्हणाला. "पण तुझ्या घरी? तिथली नळी निघाली तर..."

"दादा-वहिनी एकमेकांशी बोलतील. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता ओळख व्हायला हरकत नाही."

तो हसता हसता थांबला. टेबलावर तिचा हात होता, काचेच्या चटक्यांचे बारीक डाग असलेला. त्यावर त्याने आपला हात ठेवला, आणि तिने तो राहू दिला.

त्या पहिल्या दुपारी त्याची सुट्टी होती. आदल्या दिवशी दालनात विसरलेला डबा न्यायला तो आला होता, जाता जाता ज्योत दिसली म्हणून आत डोकावला.