पाठीमागची नऊ बटणं

मोबाइल ठेवा खिशात. आणि ते शटर अर्धं ओढ रे, वारा येतोय. हे बघा, तीस वर्षं मी शववाहिनी चालवतोय आणि भुताबितांवर माझा काडीचा विश्वास नाही. इतकी मयतं वाहिली, एकानेही मागून हाक मारली नाही. पण मयतांचे कपडे शिवणाऱ्या शिवणताईचं जे झालं ते झालं. ती थापा मारणारी बाई नाही. शिवाय शेवटचं तर मी या डोळ्यांनी बघितलंय.

एकवीस जानेवारी, मंगळवार. रात्री साडेनऊला मी तिच्या दुकानात गेलो. काम साधं होतं. दवाखान्यातली एक नर्स वारली होती, चौतीस वर्षांची, मागे सात वर्षांची मुलगी. सकाळी आठला दफन. पांढरं कापड आणि मापाचा कागद ताईला द्यायचा, सहाला येऊन कपडे घ्यायचे.

तुम्ही नवीन आहात, तुम्हाला माहीत नसेल. मयताचा झगा पाठीमागून उघडा ठेवतात. ताठरलेल्या अंगावर चढवायला सोपा जातो, आणि पेटीत पाठ बघतंय कोण? सगळे शिंपी तसंच करतात. ही एकटी सोडून. ही पाठ पुरी शिवायची. मानेपासून खाली नऊ बटणं, काजांसकट, आणि स्वतः येऊन झगा चढवायची. आमचे साहेब वैतागायचे, "अहो ताई, अर्धा तास जातो तुमच्या बटणांत!" ही म्हणायची, "मग घड्याळ काढून ठेवा."

त्याचं कारण तिने मला एकदाच सांगितलं. आठ वर्षांची असताना तिची आई गेली. पेटीत ठेवताना पोरीने बघितलं, आईची पाठ उघडी. मग चर्चमध्ये पाळक म्हणाले, येशू उठला तशी हीसुद्धा उठेल. पोरीने मावशीच्या कानात विचारलं, "मावशी, आई उठली की तिची पाठ उघडी पडेल ना?" मावशीने चिमटा काढला. "गप्प बस! मेलेलं माणूस उठतं का कधी?"

दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय, एवढं तिला कळलं. तिने ठरवलं, पाळक. बारा वर्षं चर्चची पायरी चढली नाही. पुढे शिवण शिकताना मयताचा पहिला झगा हातात आला. मास्तर म्हणाले, पाठ सोडून दे. हिचा हात काही केल्या सोडेना. तिने पाठ शिवून टाकली आणि ढसाढसा रडली. मला म्हणाली, "दादा, त्या दिवशी कळलं, खोटं मावशी बोलली होती. आई उठणार आहे. माझ्या हाताला ते माझ्या आधी ठाऊक होतं."

तर त्या रात्री दीडपर्यंत झगा तयार झाला. बटणं तेवढी राहिली. ती हातानेच लावायची. दुकानात ही एकटी, समोर ट्रायलचा मोठा आरसा. पहिलं बटण लावलं, गाठ मारली. दुसरं लावलं. तिसरं लावत होती...

टिक.

फरशीवर बटण पडलं. पहिलं.

दोरा कच्चा असेल म्हणून तिने दोरा बदलला, पुन्हा लावलं. चौथ्यापर्यंत आली.

टिक... टिक.

दोन पडली. दोरा तुटला नव्हता. गाठ सुटली होती. शिवणताईची गाठ, पोरांनो! कात्रीशिवाय निघत नाही ती.

तेवढ्यात वीज गेली.

तिने मोबाइलचा उजेड केला आणि बटणं शोधायला फरशीवर गुडघे टेकले. एक मिळालं. दुसरं घरंगळत आरशापाशी गेलेलं. हात लांब केला... आणि थांबली.

बटणाशेजारी दोन पावलं होती. अनवाणी. टाचा हिच्याकडे.

वर बघायचं नाही असं ठरवूनही तिने वर बघितलं. पांढरा झगा. पाठीमागून उघडा. पाठीचे मणके दिसत होते... एकेक.

"बघ," आवाज आला. आईचा. शंभर टक्के आईचा. "अजून उघडीच आहे मी."

हिने फरशीवरचं बटण मुठीत घेतलं.

"बेचाळीस वर्षं झाली... उठले का?"

ही गुडघ्यांवरच मागे सरकली.

"नको शिवूस. त्या पोरीला उगाच आशा लावू नकोस... कोणी उठत नाही."

मोबाइल विझला.

मी असतो तर दार तोडून पळालो असतो, आणि तुम्ही माझ्या पुढे असता. हसू नका. ती म्हणाली, "दादा, भीतीने माझे दात वाजत होते. पण त्याहून राग आला. माझ्या आईच्या आवाजात मावशीचं बोलणं!"

अंधारात ती उठून उभी राहिली आणि ओरडली, "तू आई असशील तर थांब. ज्या दिवशी उठशील त्या दिवशी तुझ्यामागे मी उभी असेन, बटणं घेऊन. आणि आई नसशील तर चालती हो! येशू उठलाय. ही बाई उठणार आहे. पाठ मी शिवणारच. तू काढ, मी शिवते. बघू कोण दमतं!"

मग बसली. चाचपडत सुई ओवली.

टिक.

पुन्हा लावलं.

टिक.

पुन्हा.

मागे कोणीतरी उभं होतं. अगदी जवळ. श्वास नव्हता... नुसता गारठा. तिने मान वळवली नाही. बोटं टोचून घेतली, रडली, शिव्यासुद्धा दिल्या, पण सुई सोडली नाही. चारला पाच कमी असताना नववं बटण लागलं. ती वाट बघत बसली...

काहीच पडलं नाही.

सहाला मी गेलो तेव्हा झगा घडी करून ठेवलेला होता. गाडीत तिने मला हे सगळं सांगितलं आणि नर्सच्या घरी जाऊन झगा चढवला. दारात ती मुलगी उभी. "मागे बटणं कशाला?" म्हणाली.

"तुझी आई उठणार आहे. तेव्हा पाठ उघडी कशी चालेल?"

मुलीचा काका भडकला. "लहान पोरीला वाट्टेल ते काय सांगताय?"

"खरं आहे तेच सांगतेय," ताई म्हणाली. "माझ्या वेळी विचारलं तर चिमटा मिळाला होता." आणि तिने मुलीला जवळ घेतलं. शेवटचं बटण त्या पोरीने लावलं. लावून दोनदा ओढून बघितलं, पक्कं बसलंय का.

तिथून निघताना ताई माझ्यापुढे गाडीत चढली. अंगात गडद निळा ड्रेस. चांगलं उजाडलं होतं, आणि मला तिची पाठ दिसली.

पाठभर खडूच्या रेघा होत्या. शिंपी मापाच्या मारतात तशा, सरळ, सफाईदार. आपला हात आपल्या पाठीवर तिथवर पोचत नाही, करून बघा हवं तर. मी तिला सांगितलं.

ती पाठमोरीच राहिली. मग म्हणाली, "माप घेऊन गेलंय म्हणा की. घेऊ दे, कधीतरी लागणारच आहे. दादा, पाठ उघडी ठेवायची असली की शिंपी मधोमध एक उभी रेघ मारतो, कापायची. ती आहे का, तेवढं नीट बघा."

मी बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

खांद्याची होती. कमरेची होती. उंचीची होती.

मधली नव्हती.