पन्नासऐवजी त्रेपन्न

“मामा, अंक दिलात, पण यातली सीडी कुठंय?”

लातूरच्या बसस्थानकावर मन्मथमामांचा पुस्तकांचा स्टॉल आहे. ते शांतपणे सुतळी गुंडाळत राहिले. “सीडी व्हय? ती शेतात गेली.”

‘स्वरसोबती’ हे नांदेडहून निघणारं मासिक. दर अंकासोबत शास्त्रीय गाण्याची एक सीडी फुकट. औशाकडचे शेतकरी मामांकडून त्या सीड्या मागून नेतात आणि ज्वारीत टांगतात, हे मला त्या दिवशी कळलं. उन्हात चकाकतात, पाखरं येत नाहीत.

“लई चांगली हाय म्हनतेत,” मामा म्हणाले. “एक चिमणी बसत न्हाई.”

माझ्या शेजारी कोणीतरी हसलं. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात पिवळ्या कार्डांचा गठ्ठा. त्याने एक कार्ड काढलं आणि अगदी गंभीरपणे लिहायला घेतलं.

“नाव – चिमणी. गाव – औसा. अभिप्राय – गाणं ऐकून पोट भरलं.” मग माझ्याकडे पाहिलं. “मासिकासाठी श्रोत्यांचे अभिप्राय गोळा करून राहिलो. तुमचा?”

“मागच्या महिन्याची सीडीसुद्धा ज्वारीत टांगली असती तर बरं झालं असतं.”

“इतकी वाईट होती?”

“गाणं सुंदर होतं. पण सीडी सहा टक्के जोरात पळते.”

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही… पण त्याने लगेच चहा विचारला आणि मी – अनोळखी माणसाबरोबर चहा घेणाऱ्यांतली मी नव्हे – हो म्हणाले.

मी देविका. भौतिकशास्त्रात एमएस्सी करून त्या वर्षी लातुरातल्या एका क्लासमध्ये शिकवत होते. भूकंपाला दहा वर्षं होऊन गेली होती आणि आता बाहेरच्या लोकांना लातूर म्हटलं की आधी बारावीचे निकाल आठवत. मागच्या महिन्याची सीडी होती रुक्मिणबाई मुखेडकरांच्या एका जुन्या बैठकीची. कोणीतरी कॅसेटवर केलेलं ध्वनिमुद्रण. ऐकताना मला काहीतरी खटकत होतं. म्हणून मी ती क्लासच्या प्रयोगशाळेत नेली.

“बाई गायला लागण्याआधी मागे विजेची गुणगुण ऐकू येते,” मी कँटीनच्या टेबलावर बोटाने लाटा काढत सांगितलं. “आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. एखादा कमी-जास्त. या सीडीत त्रेपन्न आहेत. म्हणजे कॅसेट जोरात पळवलीय. बाईंचा सा काळी चार असणार, सीडीत तो अर्धा सूर चढून पांढरी सहा झालाय.”

“विजेवरून गाणं पकडलंत…” तो माझ्या बोटाकडे बघत म्हणाला. “आणि ज्याने हे केलं, तो कसा असेल असं वाटतं?”

“एक तर अडाणी, नाही तर घाईतला.”

“तिसरं काही नसेल?”

मी पर्समधून पाकीट काढून दाखवलं. सगळी गणितं मांडून संपादकांना पत्र लिहिलं होतं. स्थानकाच्या टपालपेटीत टाकायला तर आले होते. त्याने पाकीट हातात घेतलं नाही. नुसतं पाहिलं.

“तो मी,” तो म्हणाला. “अंबरीश. नांदेडला मीच कॅसेटवरून सीड्या करतो.”

कप माझ्या ओठांपर्यंत आला होता, तिथेच राहिला. ‘अडाणी’ परत कसं घ्यायचं, हे भौतिकशास्त्रात कोणी शिकवलेलं नव्हतं.

काहीतरी करायचं म्हणून मी मनात आकडेमोड केली. सीडी एकोणऐंशी मिनिटांची. सहा टक्के मिळवले की… “मूळ कॅसेट चौऱ्याऐंशी मिनिटांची आहे,” मी म्हणाले. “आणि सीडीत ऐंशीच मावतात.”

तो आता वेगळ्या नजरेने बघत होता. “हाव, बरोबर.”

“मग शेवटची चार-पाच मिनिटं कापायची.”

“शेवटी माझे वडील बोलतात.”

बाकीचं हळूहळू कळलं. वडील किल्लारीजवळच्या एका गावात शिक्षक होते. बैठक त्यांनीच शाळेत ठेवली होती, टेपही त्यांनीच केली. अंबरीश तेव्हा नांदेडला मामाकडे शिकायला होता. त्याच सालच्या सप्टेंबरात भूकंप झाला. पडलेल्या घराखालून निघालेल्या पेटीत ही कॅसेट होती. वडिलांचा आवाज आणखी कुठेच नाही.

“पण सीडीत आहे तो त्यांचा आवाज नाही,” मी म्हणाले. शक्य तेवढं हळू म्हणाले. “सहा टक्के पातळ झालाय.”

“माहीत आहे. तरी कापायला हात उचलेना.”

चहा निवत गेला. संपादक रेणुकादास सरांचं म्हणणं होतं की सीड्या कोणी ऐकतच नाही. दोन महिन्यांत शंभर अभिप्राय जमले नाहीत तर त्या बंद. म्हणून तो गावोगाव फिरत होता, आणि चिमणी धरून एकवीस कार्डं जमली होती. त्यात माझं पत्र पोहोचलं, की सीड्या गेल्या आणि त्याचं कामही.

तो आता म्हणेल, पत्र टाकू नका. मी वाट पाहिली. तो म्हणाला नाही. शेवटी मीच पाकीट पर्समध्ये सरकवलं.

“असं करू नका,” तो म्हणाला. “टाका पेटीत. नाही तर पुढच्या वेळी तुमच्यासमोर बसून चहा कसा घेऊ?”

“पुढच्या वेळी?”

तो कानापर्यंत लाल झाला. सावळ्या माणसाचंही ते दिसतं, हे माझं निरीक्षण.

मी पत्र टाकलं. पाकीट आत पडल्याचा आवाज झाला आणि नांदेडच्या गाडीच्या खिडकीतून त्याने हात हलवला.

पुढचा महिना मी मुलांना दोलक शिकवत होते आणि माझंच मन इकडून तिकडे… पत्र छापलं नाही तर त्यानेच ते दाबलं, म्हणजे तो खोटा ठरला असता. छापलं तर त्याचं काम गेलं असतं. दोन्हींत त्याला लातूरला यायचं कारण उरत नव्हतं.

अंक आला. मामांनी माझ्यासाठी सीडीसकट बाजूला ठेवला होता. माझं पत्र सगळ्या गणितासह छापलेलं, आणि खाली चार ओळी – ‘चूक माझी आहे. कापायला जड गेलं म्हणून गाणं पळवलं. दुरुस्त सीडी सोबत आहे. – अंबरीश’.

मग महिनाभर अभिप्रायांचा नुसता पाऊस पडला. लोक भांडायला लागले, आणि भांडायचं म्हणून दोन्ही सीड्या ऐकायला लागले. मुरुडच्या एका डॉक्टरांनी कळवलं, की जुनीच बरी होती, दवाखान्यातली रांग लवकर सरायची. मुखेडच्या केवळाबाईंनी लिहिलं, ‘आता माझी मैत्रीण गाते असं वाटलं. आधी तिची धाकटी बहीण गात होती.’ दोनशे सात कार्डं. रेणुकादास सरांनी सीड्या चालू ठेवल्या. अंबरीशलाही.

हे सगळं त्याने मला सांगितलं, आमच्या प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून. हातात एक सीडी होती, वर काहीच न लिहिलेली.

“कापलेली पाच मिनिटं,” तो म्हणाला. “दुसऱ्या कोणाला दिली नाहीत. पन्नास आहेत का, तपासून द्याल?”

मी सीडी लावली. ऑसिलोस्कोपवर हिरवी रेघ थरथरली, स्थिर झाली. पन्नास. भैरवी संपत आली होती. मग खाकरल्याचा आवाज, आणि एक भरदार, सावकाश बोलणारा माणूस – “बाई, पोरगं नांदेडला शिकाया हाय. त्याच्यासाठी टेप करून राहिलो. अजून एक होऊ द्या.”

टेप संपली. ते आणखी एक गाणं त्यात मावलंच नव्हतं.

आम्ही दोघंही रेघेकडे बघत राहिलो. ती आता सरळ झाली होती. त्याने खिशातून एक पिवळं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

“अभिप्राय कशावर देऊ?” मी विचारलं.

“ज्यावर द्यावासा वाटेल… त्यावर.”

मी पेन उघडलं. नाव – देविका. गाव – इथे मी जरा थांबले आणि लिहिलं, ‘सध्या लातूर’. अभिप्रायाची जागा कोरी ठेवून कार्ड त्याच्याकडे सरकवलं.

त्याने दोनदा वाचलं. “अभिप्राय राहिला.”

“लिहिलाय,” मी म्हणाले. “वरची ओळ नीट वाचा.”