दादीची झोळी आणि वाजणारी कमान

दादीनं कमानीखाली पाऊल टाकलं आणि यंत्र बोंबलायला लागलं.

मागे उभ्या असलेल्या शितलनं श्वास रोखला. दादीच्या, म्हणजे भिकाबाईंच्या झोळीत तळाशी एक भलीमोठी लोकर कापायची कात्री फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. ती शितलनंच गुपचूप दडवली होती आणि दादीला त्याचा पत्ताही नव्हता.

कमानीपाशी खुर्ची टाकून बसलेल्या मुन्नानं मान वर केली. दादीच्या काचळीवर, म्हणजे चोळीवर, आरसे आणि नाणी, गळ्यात माळा, पायांत चांदीची कडी, कानांपाशी लोंबणारी घुगरी. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बाईच्या अंगावर न वाजणारं असं काय असणार? मुन्नानं तपासायचं दांडकं अर्धवट उचललं आणि पुन्हा मांडीवर ठेवलं.

"जा दादी," तो म्हणाला. "तुमी तर वाजनारच."

जमलं! शितलनं मैत्रिणीला, अंजलीला, जोरात चिमटा काढला आणि दोघी पळतच आत शिरल्या.

दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. गोरेगावच्या बाजारतळावर शेतीचं आणि बचत गटांचं प्रदर्शन भरलं होतं. समितीचे अध्यक्ष किशनराव यांनी धातूला वाजणारी ही कमान भाड्यानं आणून दारात उभी केली होती. येणाऱ्यानंही तिच्याखालून यायचं आणि जाणाऱ्यानंही तिच्याखालूनच जायचं. 'विमानतळासारखी सुरक्षा' असा फलकसुद्धा त्यांनी रंगवून घेतला होता. त्या गर्दीत विमानतळ आतून पाहिलेला माणूस शोधूनही सापडला नसता. पण नेमका एक सापडला आणि तिथूनच शितलच्या सुट्टीचं वाटोळं झालं.

तो एक म्हणजे कुलदीप, तिचा पुण्याचा चुलतभाऊ. दोघंही तेरा वर्षांचे. त्याचे वडील विमानतळावर प्रवाशांची तपासणी करायचे आणि कुलदीप स्वतः एकदा विमानात बसलेला होता. बस, एवढं पुरे झालं! तांड्यावर जो तो त्याला ओट्यावर बसवून विमानाच्या गोष्टी ऐकायला लागला. किशनरावांनी तर त्याला कमानीपाशी नेऊन 'हे आमचे सल्लागार' अशी ओळख करून दिली. आणि दादी? घरात जन्मभर गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी दादी, त्याला कळावं म्हणून मराठीत बोलायला लागली. सायीची वाटी शितलच्या पुढ्यातून उचलून त्याच्यापुढे गेली. शितलला त्याचा इतका हेवा वाटत होता की दारात त्याचे पांढरे बूट दिसले तरी तिच्या पोटात दुखायचं.

त्या सकाळी कुलदीपनं सगळ्यांना ऐकवलं की अशा तपासणीतून सुईसुद्धा सुटत नाही. शितलच्या तोंडून निघून गेलं, "सुई ऱ्हाऊ दे, मी कात्री नेऊन दाखवते." अंजलीचे वडील रखमाजी मेंढरं पाळायचे, त्यामुळे कात्रीची सोय लगेच झाली.

आत चहाच्या दुकानापाशी शितलनं दादीच्या झोळीतून कात्री काढली आणि कुलदीपच्या नाकासमोर धरली. दादी बाकड्यावर बसून समोरच्या बाईशी बोलण्यात गुंग होती. कुलदीपचा चेहरा पडला. तो पडलेला चेहरा शितलनं पोटभर पाहून घेतला.

"मशीन वाजलं की नाही? मग मशीनची चूक नाही," तो म्हणाला. "मुन्नाभाऊंनी तपासलं नाही, ही त्यांची चूक."

"आरं, ते समद्यांसाठीच वाजून राहिलंय! किल्लीला वाजतंय, पट्ट्याला वाजतंय. मग त्याचं ऐकनार कोन?"

"आमचा कुत्रा बी असाच व्हता," अंजली म्हणाली. "पाखराला भुकायचा, वाऱ्याला भुकायचा. लांडगा आला तवा आमचे बापू गोधडीतून उठले बी न्हाईत."

कुलदीपलाही हसू आलं. त्यानं कबूल केलं की विमानतळावरही हीच अडचण असते. पडद्याकडे बघून माणसाचे डोळे थकतात, म्हणून तिथे थोड्या थोड्या वेळानं माणूस बदलतात, असं त्याचे बाबा सांगायचे. इथे मुन्ना सकाळपासून एकटाच बसला होता. पण तपासणीच नसेल तर कुणीही काहीही घेऊन येईल, हा त्याचा मुद्दा काही त्यानं सोडला नाही. शितलनंही आपला सोडला नाही.

"वा, पोरगी हुशार आहे!"

शितलनं वळून पाहिलं. प्रदर्शनातल्या काचेच्या पेट्या ज्यांनी भाड्यानं दिल्या होत्या ते गोपीचंद मागे चहा पीत उभे होते. ही युक्ती कशी सुचली, म्हणून त्यांनी कौतुकानं विचारलं. चार दिवसांत शितलचं कौतुक करणारं हे पहिलंच माणूस! तिनं त्यांना सगळं रंगवून सांगितलं. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायांना मुन्ना आत येतानाही तपासत नाही, बाहेर जातानाही तपासत नाही. कुलदीपला ऐकू जावं म्हणून तिनं ते जरा मोठ्यानंच सांगितलं.

इकडे दादीचा स्वतःचाही एक हेवा चालू होता. मधल्या पेटीत, दिव्याच्या झोतात, शेजारच्या तांड्यावरच्या मिराबाईंची हासळी ठेवली होती. हासळी म्हणजे गळ्यात घालायचं जाडजूड चांदीचं कडं. दादीची हासळी मात्र कोपऱ्यात, खतांच्या पिशव्यांशेजारी. दादी आणि मिराबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून एकमेकींना पाण्यात पाहत होत्या. चारचौघांत दादी ठसक्यात म्हणाली, "लई चमकून राहिली ना तिची हासळी. एक दिवस जाईल उडून."

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती खरंच उडाली.

पेटी बंद, कुलूप जागच्या जागी, आणि आत नुसतं लाल मखमलीचं कापड. मिराबाईंनी डोक्याला हात लावला. ती हासळी त्यांच्या आईची होती. किशनराव घामाघूम झाले, पण ध्वनिक्षेपकावरून त्यांनी जाहीर केलं की काळजीचं कारण नाही, कमान आहे, इथून चांदीचा कणही बाहेर जाणार नाही. गोपीचंद सगळ्यांत आधी पुढे आले. पेट्या माझ्या आहेत, तेव्हा आधी माझीच झडती घ्या, असं म्हणून त्यांनी खिसे उलटे केले आणि पिशवी ओतून दाखवली. काहीच निघालं नाही. मग दारावर ही झुंबड उडाली आणि कमान एकसारखी कोकलायला लागली.

लोकांत मात्र कुजबुज सुरू झाली. "काल भिकाबाई काय म्हनली व्हती, आठवतंय का?" शितलच्या कानावर ते आलं आणि तिचे कान तापले. दादी चोर? तिची दादी?

"काही होत नाही," कुलदीप म्हणाला. "मशीन पकडेलच."

खरं सांगायचं तर त्या क्षणी शितलला वाटलं, हासळी सापडूच नये. याचं मशीन एकदाचं तोंडावर पडू दे! पण लगेच तिच्या मनात प्रश्न उभा राहिला. मशीनला चुकवून हासळी बाहेर न्यायची, तर कुणाबरोबर न्यायची? हे तर तिनंच काल शिकवलं होतं. आणि ऐकायला कोण उभं होतं?

"दादी कुटं हाय?" तिनं अंजलीला विचारलं.

दादी नुकतीच बाहेर गेली होती. म्हशींची धार काढायला रोज याच वेळेला ती प्रेमदासच्या जीपनं तांड्यावर परतायची. अंजलीनं तिला कमानीखालून जाताना पाहिलं होतं. कमान वाजली होती आणि मुन्नानं नुसता हात हलवला होता.

तिघंही जीपच्या थांब्याकडे धावत सुटली. धावता धावता कुलदीप म्हणाला, "विमानतळावर सामान देताना एक प्रश्न विचारतात. बॅग तुम्ही स्वतः भरली का? कुणी काही न्यायला दिलंय का? मला तो एकदम फालतू प्रश्न वाटायचा."

तो प्रश्न आपल्याला का सुचला नाही, याचा शितलला त्या घाईतही राग आला. पण थांब्यावर पोचल्यावर तिनं दादीला विचारला तो हाच.

"दिलाय की," दादी म्हणाली. "त्या पेट्यावाल्या गोपीचंदनं फराळाचा डबा दिलाय. मुन्ना हात घालून समदा फराळ चिवडतो म्हनला. तुमी न्या, मी मागून येऊन घेतो म्हनला."

शितलनं झोळीतून डबा काढून उघडला. वर चकल्या होत्या. चकल्यांखाली कागद, आणि कागदाखाली मिराबाईंची हासळी.

ओरडावं तर पंचाईत होती. डबा दादीच्या झोळीत, कमानीतून आणला दादीनं, आणि उडून जाईल म्हणाली तीही दादीच. गोपीचंद सरळ हात वर करणार.

"डबा माझा हाय, आसं त्यानं सोताच्या तोंडानं म्हनायला पायजे," शितल म्हणाली. "अन् ते किशनरावांनी ऐकायला पायजे. मिराबाईंनी बी." पुढचं वाक्य तिला फार जड गेलं. "कुलदीप, तू जा. माझं कोन ऐकनार न्हाई. तुझं ऐकतील."

कुलदीप सुटला. किशनरावांना त्यानं एवढंच सांगितलं की कमानीत एक दोष सापडलाय, चारचौघांत सांगण्यासारखा नाही, मिराबाईंना घेऊन थांब्यावर चला. सल्लागारच तो! किशनराव तडक निघाले. प्रेमदासनं दोघांना जीपमध्ये मागे बसवून ताडपत्री खाली सोडली. अंजली पानपट्टीपाशी राखण करत उभी राहिली. दादीनं डबा मांडीवर घेतला आणि काय विचारायचं ते शितलनं तिच्या कानात सांगितलं.

थोड्याच वेळात अंजलीनं शीळ घातली. गोपीचंद इकडे तिकडे पाहत आले.

"मावशी, लई तकलीफ दिली तुमाला. द्या डबा."

दादीनं डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला. "तुझाच हाय ना रं? इथं डबे लई फिरून राहिलेत."

"माझाच हाय मावशी. घरच्या चकल्या हायेत."

"कोनी भरला?"

"मी भरला. काहून विचारून राहिल्या?"

"मंग दुसऱ्या कोनाचा हात न्हाई लागला त्याला?"

"न्हाई वो, बराबर मीच भरलाय, मीच झाकन लावलंय. द्या आता."

"घे बाबा," दादी म्हणाली आणि तिनं झाकण काढलं. वरच्या चकल्या आणि कागद शितलनं आधीच काढून ठेवले होते.

ताडपत्री वर झाली. गोपीचंद पळायला वळले, तर समोर कंबरेवर हात ठेवून प्रेमदास उभा. पेटीची मागची काच खाचेतून सरकते आणि कुलपाला हातही लावावा लागत नाही, हे मग त्यांनी पोलिसांसमोर मान खाली घालून सांगितलं.

संध्याकाळी मंचावर सत्कार झाला. किशनरावांनी विमानतळावरच्या शिस्तीचं तोंडभर कौतुक केलं आणि कुलदीपला शाल पांघरली. शाल एकच आणलेली होती. खाली बसलेल्या शितलच्या डोळ्यांत पाणी आलं. युक्ती तिची, प्रश्न दादीच्या कानात सांगितले तिनं, आणि शाल त्याला! कुलदीपनं ध्वनिक्षेपकावर तिचं नाव घेतलं, तेव्हा किशनरावांनी तिलाही दोन शब्द बोलायला वर बोलावलं.

शितलला खूप काही बोलायचं होतं. पण समोर मिराबाई बसलेल्या दिसल्या आणि ते सगळं विरून गेलं.

"ती वाट गोपीचंदला मी सांगितली व्हती," ती म्हणाली. "काल मी दादीला न सांगता तिच्या झोळीत कात्री टाकून आणली, अन् शेखी मिरवली. मला कुलदीपचा लई हेवा वाटत व्हता. म्हनून कोनी जरा शाबासकी दिली की मी सगळं सांगून टाकलं. मुन्नाभाऊंनी दादीला इचारलं न्हाई, तसं मी बी सोताला इचारलं न्हाई, की हा मानूस मला एवढं कशापायी इचारून राहिलाय. मशीन तर वाजतच व्हतं."

मंडपात कुणी टाळी वाजवली नाही. मग मिराबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकत मंचावर चढल्या आणि त्यांनी शितलच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"भिके," त्या खाली दादीकडे पाहून म्हणाल्या, "मला तुझाच संशय आला व्हता. खोटं कशाला बोलू?"

"मला बी तुझी हासळी बघवत नव्हती," दादी बसल्या जागेवरून म्हणाली.

"हासळी ऱ्हाऊ दे. आता मला तुझी ही नात बघवत न्हाई. एवढ्या लोकांत आपली चूक सांगायला कोन्या पोराला जमतं गं? मला देऊन टाक ही."

"नात न्हाई मिळायची," दादी म्हणाली आणि तिनं शितलकडे दोन्ही हात पसरले. आता मात्र टाळ्या पडल्या, आणि किशनरावांनीही त्या जोरात वाजवल्या. शितल खाली आली. दादीनं तिला कुशीत ओढलं आणि तिच्याशी गोरमाटीत बोलायला लागली. भराभर, लाडाचं, न थांबता.

कुलदीप शाल घेऊन जवळच उभा होता. त्याला त्यातलं एक अक्षरही कळत नव्हतं. तो दादीच्या तोंडाकडे पाहत होता, मग शितलकडे, मग पुन्हा दादीकडे. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते शितलनं लगेच ओळखलं. गेले पाच दिवस तिच्या पोटात तेच तर दुखत होतं! क्षणभर तिला गंमत वाटली. क्षणभरच.

मग ती जरा सरकली, दादीच्या पलीकडची सतरंजी हातानं थोपटली आणि दादी काय म्हणतेय ते एकेक वाक्य त्याला मराठीत सांगायला लागली.