चार मिनिटे अकरा सेकंद

यंत्राने निकाल दाखवला तेव्हा सुनेत्रा बिडकरने आधी आपला चष्मा पुसला आणि मग पडदा पुसला. दोन्ही लख्ख झाल्यावरही मजकूर तोच राहिला. उमेदवार शैलजा मगदूम, वय चव्वेचाळीस. साम्य सत्त्याण्णव टक्के. कोणाशी, तर नमुना क्रमांक एकशी.

असे होऊच शकत नव्हते.

पुण्यातली ‘पारख’ ही संस्था दोनशे कंपन्यांसाठी प्रोग्रामर निवडून देत असे. २०४६ साली हे काम वाटते तितके सोपे उरले नव्हते. प्रोग्राम काय, कोणतेही यंत्र चुटकीसरशी लिहून देई. त्यामुळे उमेदवाराचे उत्तर बरोबर आले यावरून काहीच सिद्ध होत नसे. म्हणून पारखमध्ये उत्तराकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. तिथे पाहिल्या जात चुका.

उमेदवाराला बंद खोलीत एक अवघड प्रश्न आणि एक साधा कळफलक मिळे. त्याने दाबलेली प्रत्येक कळ, खोडलेले प्रत्येक अक्षर, घेतलेला प्रत्येक थांबा टिपला जाई. त्यातून जो आलेख निघे त्याला ‘दुरुस्तीरेषा’ म्हणत. संस्थापक डॉ. निनाद उपळेकर नव्या परीक्षकांना पहिल्याच दिवशी सांगत, “प्रोग्राम कसा लिहायचा हे शिकवता येतं. आपलं चुकलंय हे कळल्यावर माणूस मागे कसा फिरतो, ते शिकवता येत नाही. ती सवय विशीत पक्की होते आणि मरेपर्यंत बदलत नाही. तिची नक्कल करता येत नाही. कारण नक्कल करणाऱ्याला मुळात चूकच झालेली नसते.”

दोन उमेदवारांची रेषा जुळली, तर त्यांतला एक दुसऱ्याच्या नावाने बसला होता, हे उघड होते. अशा माणसाला पारखमध्ये ‘तोतया’ म्हणत. तोतयाचे नाव सामायिक यादीत जाई आणि दोनशे कंपन्यांची दारे त्याला कायमची बंद होत. यादीत नऊ हजार नावे होती. यंत्र एकदाही चुकले नव्हते, असे निदान यंत्र चालवणारे तरी म्हणत.

आणि नमुना क्रमांक एक म्हणजे खुद्द डॉ. उपळेकरांची दुरुस्तीरेषा. बावीस वर्षांपूर्वी पहिल्या नोकरीसाठी त्यांनी घरबसल्या दिलेल्या परीक्षेची नोंद. त्या वर्षी त्यांना देशात सर्वाधिक गुण होते. ती रेषा चौकटीत बसवून स्वागतकक्षात टांगली होती. तिच्या मधोमध चार मिनिटे अकरा सेकंदांचा एक सपाट पट्टा होता. या वेळात एकही कळ दाबलेली नव्हती. प्रशिक्षणात त्याला ‘महाविराम’ म्हणत. थोर प्रोग्रामर बोटे चालवण्याआधी डोके चालवतो, याचा तो पुरावा. ही बातमी बाहेर फुटल्यापासून उमेदवार परीक्षेच्या मध्यावर डोळे मिटून समाधी लावून बसत, आणि सुनेत्राने त्याबद्दल कित्येकांना वाढीव गुणही दिले होते.

ती अहवाल घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली.

डॉक्टरांनी अहवाल वाचला. नावापाशी त्यांची नजर थांबली आणि त्यांनी कागद टेबलावर पालथा घातला.

“नमुना फुटलेला दिसतोय,” ते म्हणाले. “बाईंनी पाठ केला असणार. तोतया म्हणून नोंद करा.”

“पण सर, त्यांना दिलेला प्रश्न आजच सकाळी तयार झालाय. नमुन्यातला प्रश्न वेगळा आहे. पाठ करून काय उपयोग? आणि नक्कल करता येत नाही, असं तुमच्याच पुस्तकात आहे.”

“एखादा अपवाद असतो.”

“मग यादीतल्या नऊ हजारांमध्ये असे किती अपवाद आहेत, सर?”

डॉक्टर हसले. हसले म्हणजे ओठ हलले. “सुनेत्रा, तुम्ही दमलाय. सही करा आणि घरी जा.”

सुनेत्राने सही केली नाही. ती बाहेर आली तेव्हा तिला त्या बाईचा जितका संशय येत होता, तितकाच त्या पालथ्या कागदाचाही येऊ लागला होता. सत्त्याण्णव टक्के साम्य निघाल्यावर कोणीही आधी विचारील, ही बाई कोण? डॉक्टरांनी विचारले नव्हते.

परीक्षेच्या खोलीत शैलजा मगदूम डबा उघडून बसल्या होत्या. सुनेत्रा समोर बसली आणि तिने सरळच विचारले, “नमुना क्रमांक एक तुम्हाला कुठे मिळाला?”

“कसला नमुना? मी काय चोरी करायला आले व्हय इथं?” शैलजाबाईंनी घास खाली ठेवला. “हे बघा मॅडम, आमच्याकडच्या साखर कारखान्यात वजनकाट्याचा प्रोग्राम मी लिहिला. अठरा वर्षं चालवला. एक गाडी चुकीची तोलली नाही. आता कारखाना बंद पडला. अठरा वर्षांचं काम कागदावर कुठंच नाही, म्हणून ही परीक्षा. यातून तुम्ही मला तोतया म्हणून बाहेर काढलं, तर मी पुढं करू काय?”

त्यांचा आवाज कापत होता. पण आवाज कापायला काय, पकडलेल्या चोराचाही कापतो. सुनेत्राने भिंतीवरच्या पडद्यावर नमुना एक लावला. बावीस वर्षांपूर्वीच्या कळा एकेक करून उमटू लागल्या. नमुना कोणाचा, हे तिने सांगितले नाही.

शैलजाबाई पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “ही ओळ चुकली. पण पुसणार नाही आता. खाली नवी लिहील, चालवून बघेल, आणि मग वरची पुसेल.”

पडद्यावर तसेच झाले.

“तुम्हाला कसं कळलं?”

“नवं उभं राहिल्याशिवाय जुनं पाडायचं नाही, अशी माझी खोड आहे. अजून आहे.”

रेषा सपाट झाली. सुनेत्रा सवयीने म्हणाली, “हा महाविराम. इथे खोल विचार चालू आहे.”

शैलजाबाईंना हसू फुटले. “विचार कुठला! पाणी आलं होतं. आमच्या होस्टेलला संध्याकाळी वीस मिनिटं पाणी यायचं, परीक्षा असो नाहीतर काही असो. दोन बादल्या भरून आले. एक माझी, एक रूममेटची. आणि आल्यावर उजवा हात ओला. तो ओढणीला पुसत होते, तोवर डाव्या हातानं टाइप केलं.”

विरामानंतरच्या चौदा कळा फार संथ होत्या, एकाच हाताने दाबल्यासारख्या. हा तपशील कुठल्याही पुस्तकात छापलेला नव्हता. परीक्षकांना तो ‘चिंतनानंतरची सावध पावले’ म्हणून शिकवला जाई आणि सुनेत्राने स्वतः तो पाच वर्षे शिकवला होता. तिला स्वतःची शरम वाटली.

“परीक्षा कोणाच्या नावाने होती?”

शैलजाबाईंनी डब्याचे झाकण लावले. मग म्हणाल्या, “निनादच्या. आमच्याच वर्गातला. तापानं फणफणला होता. तेव्हा कॅमेऱ्याची सक्ती नव्हती. मला त्या नोकरीला जायचंच नव्हतं, आई अंथरुणाला खिळलेली. म्हटलं, देते तुझा पेपर. चूकच केली ती. ही संस्था त्याची आहे, ठाऊक होतं मला. त्याच्याकडं ओळखीनं काम मागायला जीव धजेना, म्हणून बाकीच्यांसारखी परीक्षेला बसले. कुणाला सांगणार नव्हते. तुम्हीच मला चोर म्हणालात.”

गोष्ट चोख होती. सुनेत्राला चोख गोष्टींचाच जास्त संशय येई, तिचा पेशाच तो. पण खरेखोटे करायचा एक मार्ग होता. पारखच्या नियमावलीतला सातवा नियम असा, की दोन रेषा जुळल्या तर दोघांनीही नव्या प्रश्नाला बसावे, आणि जुन्या रेषेशी जो जुळेल ती रेषा त्याची. नियम डॉक्टरांनीच लिहिलेला होता. नऊ हजार लोक त्यानेच यादीत गेले होते.

“माझी चार वर्षांत कळफलकाशी गाठ पडलेली नाही,” सुनेत्राने पुन्हा त्यांच्या खोलीत जाऊन सातवा नियम समोर ठेवल्यावर डॉक्टर म्हणाले.

“पान बारा, सर. ‘ही सवय मरेपर्यंत बदलत नाही.’” सुनेत्राने त्यांचेच पुस्तक त्यांच्यापुढे उघडून ठेवले. “नाहीतर यंत्र चुकतं असं लिहून द्या. त्या बाई सुटतील. मग नऊ हजारही सुटतील.”

शेवटी डॉक्टर उठले आणि परीक्षेच्या खोलीकडे चालू लागले. तोवर काचेबाहेर दहा-बारा परीक्षक जमले होते.

दोन खोल्या, दोन कळफलक, एकच प्रश्न. शैलजाबाईंची रेषा लगेच वर चढू लागली. चूक झाली, खाली नवी ओळ आली, ती चालली, वरची गेली. काही क्षणांतच यंत्राने त्यांच्या पडद्यावर लिहिले: नमुना क्रमांक एक, साम्य अठ्ठ्याण्णव टक्के.

डॉक्टरांची रेषा सपाट होती. एक कळ दाबली असती तरी ती सुरू झाली असती, आणि ती नमुना क्रमांक एकशी जुळत नाही हे यंत्राने सांगून टाकले असते. ते बोटे कळांवर ठेवून नुसते बसले होते.

“सर विचार करताहेत,” मागून एक नवा परीक्षक आदराने कुजबुजला.

सुनेत्राने घड्याळ पाहिले. चार मिनिटे अकरा सेकंद झाली. मग बारा. मग तेरा.

पारखच्या इमारतीत पाणी चोवीस तास होते.