चार दिवसांची गोपद्मं

आमचं देवघर वेगळं आहे, पण खोली म्हणावी एवढं मोठं नाही. रुंदीला चार फूट, लांबीला आठ. घर बांधताना ह्यांनी स्वतः टेप धरली होती, म्हणून आकडा पक्का. खाली शहाबादी फरशी, समोरच्या भिंतीला देव्हारा, वर एक जाळीची खिडकी. स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभं राहिलं की उंबऱ्यातून थेट देव दिसतात.

चातुर्मासात मी गोपद्मांचं व्रत करते. रोज देवापुढे रांगोळीनं गाईची तेहतीस पावलं काढायची, हळदीकुंकू वाहायचं, मगच चहा. पाच वर्षं खंड पडू द्यायचा नाही. हे माझं चौथं वर्ष. महिन्याच्या चार दिवसांत बाकी सगळं घर मला चालतं, ह्यांचा तसा आग्रहच आहे, पण देवघराचा उंबरा मी ओलांडत नाही. पाचव्या दिवशी न्हाऊन मगच आत. त्या चार दिवसांची गोपद्मं आधी सासूबाई काढायच्या. त्या गेल्यापासून मुग्धा काढते. मुग्धा म्हणजे आमची एकुलती एक. नववीत आहे.

दर रविवारी ती मडिवाळप्पा सरांच्या चित्रकलेच्या क्लासला जाते. सर मूळचे देवणीकडचे, शाळेतून निवृत्त झाले आणि नांदेडात मुलाकडे आले. त्यांच्या माडीवर क्लास भरतो. श्रावणातल्या एका रविवारी मुग्धा घरी आली ती बोलतच.

"आई, आज सरांनी यथार्थदर्शन शिकवलं. कागद सपाट असतो ना, त्यात आत जाता येतं. रूळ काढले, ते लांब जाऊन एका ठिकाणी मिळाले. त्याला लोपबिंदू म्हणतात."

"रूळ मिळाले तर माझी नोकरी जाईल गं," हे म्हणाले. ह्यांची नोकरी रेल्वेच्या विभागीय कार्यालयात.

"खरे न्हाई मिळत, बाबा. फक्त दिसतात."

दुसऱ्याच दिवशी मला अडचण आली. मुग्धा शाळेआधी न्हाऊन देवघरात बसली. बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा नाकाला रांगोळी लागलेली.

"तिथूनच बघ, आई. मस्त झालंय."

मी ओट्यापाशी उभी राहून पाहिलं. अकरा-अकराच्या तीन ओळी. उंबऱ्याजवळची पावलं तळहाताएवढी, पुढची त्याहून लहान, आणि देव्हाऱ्यापाशी तिन्ही ओळी एकमेकींना चिकटून मोहरीएवढ्या झालेल्या. जमीन आत उतरत गेल्यासारखी वाटत होती. देव लांब गेल्यासारखे.

"असं नसतं काढायचं, बाळा. सगळी पावलं एका मापाची काढतात."

"लांबची लहानच दिसणार ना? गाय दूर गेल्यावर तिचं खूर काय मोठं दिसतं?"

"गाय घरात येते. दूर जात नाही."

"मोजून घे बरं. तेहतीसच हायत."

मी मोजली. तेहतीस होती. पोरीनं मनापासून काढली आहेत, खंड तर पडला नाही, असं म्हणून मी गप्प बसले. तिथं माझं चुकलं.

मंगळवारी आदल्या दिवशीची रांगोळी पुसायला ती आत गेली आणि ओलं फडकं घेऊन परत आली.

"शेवटची पुसता न्हाई आली. हात पुरला न्हाई."

"पुढं सरकायचं मग."

"सरकले की."

तिनं नवीन पावलं काढली, आरती केली. घंटा वाजवताना तिचा हात हललेला मला दिसला आणि आवाज नंतर आला. गोदावरीच्या पैलतीरावर कुणी धुणं आपटतं तेव्हा येतो तसा, उशिरा. संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. ते टेप घेऊन आत गेले, मापून आले.

"आठ फूट. एक इंच कमी न्हाई, जास्त न्हाई. तू उपास कमी कर थोडे."

बुधवारी मुग्धा दूधसाखरेची वाटी घेऊन आत गेली. मी कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला, वाफ जिरली, मग ती आली. तिचे पाय घोट्यापर्यंत मळलेले होते. मऊ, लालसर माती.

"हे कुठं भरलं?"

"आतच," ती म्हणाली आणि पायपुसण्यावर पाय घासू लागली. "पुढं फरशी न्हाई ना."

माझ्या हातातला डाव खाली पडला. मी म्हटलं, "उद्या तू आत जायचं नाहीस."

"एकच दिवस राहिला, आई. तुझं व्रत मोडेल."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण चार वर्षं माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मी म्हणाले, "लवकर ये मग. आणि एका मापाची काढ."

"हाव."

गुरुवारी हे धर्माबादला कामावर गेले. मुग्धा रांगोळीची वाटी घेऊन आत गेली. मी ओट्याला टेकून उभी राहिले, नजर काढली नाही. ती वाकून पावलं काढत पुढं सरकत होती. पहिली काही एका मापाची होती. पुढची लहान झाली. ती काढतच राहिली. मग उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून.

ती लहान दिसत होती.

मी डोळे पुसले. तिची वेणी आता ओळखू येत नव्हती. फ्रॉकचा निळा रंग तेवढा दिसत होता.

"मुग्धा!"

ती वळली. हात वर केला. आवाज बऱ्याच वेळानं आला. "आले..."

ती चालत होती. पाय हललेले मला दिसत होते. पण ती मोठी होत नव्हती.

बावीस वर्षांत मी कधी त्या दिवसांत तो उंबरा ओलांडला नव्हता.

ओलांडला.

चार पावलांत संपणारी खोली. मी पावलं मोजली. चाळीसपर्यंत मोजली, मग मोजणं सोडलं. फरशी आधी कोमट लागली. मग तळपायाला माती लागली. गोठ्याचा वास येत होता. जाळीची खिडकी फार उंचावर, टिकलीएवढी.

मी वाकले आणि हात लांब केला.

बोटं हाताला लागली. गार, रांगोळीनं खरखरीत. मी ती घट्ट धरली आणि मागं ओढलं.

परत येताना चारच पावलं लागली.

मुग्धा ओट्यापाशी उभी राहून तांब्याभर पाणी प्यायली. "आई, तू आत आलीस? तुझं व्रत?"

"मोडलं," मी म्हणाले आणि तिला पोटाशी धरलं. मग सगळी रांगोळी पुसून काढली. फडकं भिंतीपर्यंत पोचलं.

नंतर सगळं सुरळीत झालं. ती जेवायची, मोबाईलवरून बाबांशी भांडायची, अभ्यासाचा कंटाळा करायची. माझी पोर मला मिळाली, देवानं माझं चुकलेलं पोटात घातलं, असं मी रोज हात जोडून म्हणत होते.

भाद्रपदात मडिवाळप्पा सरांनी मला क्लासवर बोलावून घेतलं. मुग्धाला खाली ऑटोजवळ थांबवून मी माडी चढले.

"पोरीचा हात लई चांगला हाय," सर म्हणाले. "पण ताई, मी बाजार दिला, मी नदी दिली, ही एकच चित्र काढून राहिली."

त्यांनी चार रविवारांचे चार कागद माझ्यापुढे मांडले.

प्रत्येकात एक लांबलचक अरुंद जागा. जमिनीवर गाईची खुरं. पार पलीकडच्या टोकाला एक दार आणि दारात वाकलेली एक बाई, एक हात आत लांब केलेला. पहिल्या कागदावर तिच्या मंगळसूत्राच्या वाट्या दिसत होत्या. दुसऱ्यावर साडीचा हिरवा रंग तेवढा, त्या गुरुवारी मी नेसले होते तोच. तिसऱ्यावर ती तांदळाच्या दाण्याएवढी होती.

चौथ्यावर दारात नुसता ठिपका होता. शेजारी सरांची लाल पेन्सिल: 'लोपबिंदू अचूक. शाबास.'

"आई, चल ना!" खालून मुग्धानं हाक मारली.

मी कागद उजेडाकडे धरला. खालच्या कडेला, खुरांच्या मधून, एका पोरीची अनवाणी पावलं उमटलेली होती. त्यांची बोटं दाराकडे होती.